हिरवी पडलेली काडतुसं

मी एक जुना कातडी पट्टा आहे. कुणाच्या कमरेचा नव्हे, बंदुकीचा. बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर मोज्यासारखा चढून बसायचं आणि माझ्या पाच घरांत पाच जादा काडतुसं धरून ठेवायची, एवढंच माझं काम. मित्रांनो, आज मी एका खिळ्याला लटकलो आहे. पण मी सुखासुखी इथे आलो नाही. माझ्यापायी दोन माणसांत वैर आलं होतं, ते ऐका.

मला सावाने बनवलं. सावा उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या कोडियाक बेटावरचा मच्छीमार. गुरांच्या वाडीवरून त्याला एक फाटकं खोगीर मिळालं होतं, त्याची चांगली राहिलेली बाजू कापून, मेणाच्या दोऱ्याने शिवून त्याने मला घडवलं. त्याच्या बंदुकीची पुढची मूठ मागे ओढून पुढे ढकलली की पोटातलं पुढचं काडतूस नळीत चढायचं. पोटातली संपली की माझ्याकडची हाताला लागायची. उन्हाळ्यात गाव सोडून खाडीच्या काठी राहायचं आणि मासे धुरावर सुकवायचे म्हणजे अस्वलाला आवतण देण्यासारखंच असतं. त्यामुळे बंदूक नेहमी दाराशी आणि मी नेहमी भरलेला.

सावा शिस्तीचा माणूस. मोसम संपला की तो मला रिकामं करी, काडतुसं कोरड्या फडक्याने पुसून डब्यात ठेवी आणि मला मेण चोळी. "काम संपलं की ओझं उतरवावं," असं म्हणायचा. शेजारची माणसं मला हातात घेऊन बघायची, शिवण वाखाणायची. मीही थोडा फुगायचो.

मग एका हिवाळ्यात सावा वारला. मागे राहिली त्याची बायको मात्रोना.

मात्रोना मुळातच संशयी. विकतचा चहा उकळताना ती स्वतः वास घ्यायची आणि प्यायला बसलेल्यालाही घ्यायला लावायची. सावाच्या माघारी तर तिला सगळं जगच आपल्या चीजवस्तूंवर डोळा ठेवून बसल्यासारखं वाटू लागलं. त्यातही तिचा दीर तेरेंती. सावाची जाळी लावायची जागा खाडीत सगळ्यांत चांगली. माशांचा थवा आधी तिथेच वळतो. दफनानंतर तेरेंती तिला म्हणाला होता की, वहिनी, तू गावात राहा, जाळ्यांचं मी बघतो. बिचारा आधार द्यायला म्हणाला असेल. मात्रोनाने ते वाक्य मनात जपून ठेवलं, काट्यासारखं.

त्या वसंतात तिचा हात दुखावला होता, म्हणून नव्या खोक्यातली काडतुसं माझ्यात तेरेंतीने भरली. उरलेली डब्यात गेली. मासे आले, गेले. हिवाळा आला. मला कुणी रिकामं केलं नाही, कुणी मेण लावलं नाही. खारा वारा आणि ओल माझ्या अंगात मुरत गेली. चामडं कमावताना त्यात जे मुरवतात, ते ओल मिळाली की पितळ खातं. ते मला कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

दुसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी अस्वल आलं. थेट धुराच्या खोपटाशी. मात्रोनाने बंदुकीतली काडतुसं हवेत उडवली. ते मागे हटलं नाही. तिने माझ्यातलं एक ओढलं. ते निघता निघेना. निघालं तेव्हा त्याचं पितळ शेवाळासारखं हिरवं झालेलं. घाईघाईने तिने ते घातलं, मूठ पुढे ढकलली, आणि काडतूस नळीत अर्ध्यावर अडकलं. मूठ पुढेही जाईना, मागेही येईना. अस्वल तिच्यापासून एका होडीच्या लांबीवर उभं होतं. तिचा श्वास मला दस्त्यावर ऐकू येत होता.

तेवढ्यात पाण्यावरून तेरेंतीच्या होडीचं इंजिन भसाभसा गर्जत आलं. तो पातेलं बडवत, ओरडत काठावर उतरला. अस्वलाने वाळत घातलेल्या माशांची एक अख्खी ओळ ओढली आणि ते झाडीत गेलं.

कुणीही म्हणेल, देवासारखा धावून आला. मात्रोना म्हणाली, "इतक्या लवकर कसा आलास?"

"आवाज ऐकला, वहिनी."

"की मी मरायची वाट बघत होतास?"

तेरेंती पातेलं घेऊन होडीकडे वळला. तिने अडकलेलं काडतूस काढलं, माझ्यातली उरलेली चारही उपसली आणि पाचही हिरवी काडतुसं रुमालात बांधून ठेवली. गावात परतल्यावर दारोदार दाखवली. दिराने मुद्दाम जुना, सडका माल भरला, जाळ्यांच्या जागेसाठी आपल्याला मारायला निघाला, असं सांगत फिरली. तेरेंतीने एकदाच सांगितलं की खोकं नवं होतं. त्या हिवाळ्यात तो चर्चमध्ये मागे, दाराशी उभा राहायचा. लोक त्याच्याकडून होडीचं सामान उसनं घेईनासे झाले.

वसंतात मात्रोना माझ्यासकट बंदूक घेऊन शहरातल्या दुकानात गेली. माझ्यावर आता तिचा भरवसा नव्हता, दुसरं काहीतरी हवं होतं. दुकानदारीण एड्ना. तिने बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री केली आणि तीन वस्तू पुढे मांडल्या. तिन्ही माझी जागा घेणाऱ्या.

पहिली, दस्त्यावर चढवायची रबरी ताणाच्या कापडाची पिशवी. मात्रोनाने तिची घरं बोटांनी ताणून पाहिली, दोन हिवाळ्यांत ही सैल पडणार म्हणून बाजूला सारली. दुसरा, खांद्यावरून घ्यायचा कापडी पट्टा. "बंदूक दाराशी आणि पट्टा खुंटीवर राहिला तर?" तोही गेला. तिसरी, बंदुकीच्या कुशीला स्क्रूने बसवायची काळी पट्टी, काडतुसं उघडी, ओळीने.

"हिला उलटी धरून हलवू का?" मात्रोनाने विचारलं.

"हलव. पण तुझी काडतुसं घालून बघ, प्रत्येकाची जाडी वेगळी असते."

मात्रोनाने सोबत आणलेला डबा उघडला. त्यात त्याच खोक्यातली उरलेली काडतुसं होती. रुमालातला पुरावाही तिने बाहेर काढला, एड्नाला दिराची करणी दाखवायला. हिरवी आणि लखलखीत, दोन्ही काडतुसं फळीवर शेजारी शेजारी आली. कवचाचा तोच लाल रंग. पितळी बुडाशी तोच ठसा. एकाच खोक्यातली, एकाच दिवशी आणलेली.

मात्रोना बोलता बोलता थांबली. तिने मला उचललं, माझ्या एका घरात बोट घातलं आणि गोल फिरवलं. बोट बाहेर आलं ते हिरवं होऊन.

एड्नाने तिच्यापुढे हात पुसायला फडकं सरकवलं. मात्रोनाने काळी पट्टी घेतली. म्हणाली, "हिच्यात निदान आत काय चाललंय ते दिसतं."

गावात आल्यावर तिने पिरोक भाजला, मासा, भात आणि कोबी भरून, वर कुरकुरीत पोळीचं झाकण. बगलेत मला घेतलं आणि तेरेंतीच्या दारात उभी राहिली. त्याने दार अर्धंच उघडलं. आधी तिच्याकडे पाहिलं, मग पिरोककडे.

"यात काय घातलंयस?"

मात्रोनाचे कान लाल झाले. "मासा, भात, कोबी. तुझी काडतुसं चांगली होती, तेरेंती. या चामड्यात राहून खराब झाली. मी काढायला हवी होती, काढली नाहीत. रविवारी चर्चबाहेर सगळ्यांसमोर हे सांगणार आहे."

तेरेंतीने आतून सुरी आणली.

"आधी तू खा," तो म्हणाला.

ती उंबऱ्यावरच बसली, एक तुकडा कापला आणि त्याच्या डोळ्यांदेखत सगळा खाल्ला. घास घशाखाली उतरेपर्यंत तो बघत राहिला. मग शेजारी बसला आणि आपला तुकडा उचलला.

रविवारी तिने सांगितलं. लोक लगेच विरघळले नाहीत. संशय पेरायला एक दुपार पुरते, तो उपटायला मोसम जातात. पण जाळी लावायच्या दिवसांत तेरेंतीच काळी पट्टी स्क्रूने बसवत होता आणि मात्रोना बंदूक धरून होती. मोसमभर दोघं एकमेकांशी जरा जपूनच बोलले, पण बोलले.

मला त्याने धुराच्या खोपटात टांगलं. आता माझ्या घरांत जाळी विणायच्या लाकडी सुया असतात. लाकडाला माझी बाधा नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारख्या गप्प वस्तू पुष्कळ असतील. वापर झाला की त्यांना रिकामं करा, पुसा, कोरडं ठेवा. आणि एखाद दिवशी काही अडलं, बिघडलं, तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी तेच बोट एकदा वस्तूच्या आत घालून बघा.