कळ्यांची नळी

"बोट जातंय का मधे?" दिनानाथांनी स्टुलावरून ओरडून विचारलं.

"जातंय," गाडीखालून विनयाकाकूंचा आवाज आला. "आणि कानात ऑइलही जातंय. तेही लिहून घ्या."

लोखंडी उतारावर चढवलेल्या लाल गाडीखाली खताची रिकामी गोणी अंथरून काकू आडव्या झाल्या होत्या. बाहेरून त्यांचे पाय आणि गाऊनखाली चढवलेली नवऱ्याची जुनी पँट एवढंच दिसत होतं. गाडीचा मालक संकेत शेडच्या खांबाला टेकून हे पाहत होता आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. गिरीज गावात केळीच्या वाडीत चुरी नावाचे एक काका आहेत, ते कुठल्याही गाडीला कसलीही नळी बनवून देतात, असं ऐकून तो आचोळ्याहून आला होता. काकांची ब्लाउज शिवणारी बायको गाडीखाली शिरेल, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"काका, काकूंना सवय आहे ना याची?"

"तीस वर्षं लोकांची मापं घेतेय ती. गाडी निदान पोट आत ओढून खोटं माप तरी देत नाही."

संकेतची गाडी टर्बोची. इंजिनातून सुटणारा तापलेला धूर टर्बोचं चाक फिरवतो आणि तिथून बाहेर पडतो तो थेट एका वाकड्या नळीत. तिलाच डाऊनपाइप म्हणतात. कंपनीची नळी अरुंद असते, ती रुंद केली की गाडी मोकळा श्वास घेते. संकेतने परदेशातून तयार नळी मागवलीही होती, पण तिकडच्या गाड्यांचं स्टेअरिंग डावीकडे. इकडे नेमका स्टेअरिंगचा दांडा तिच्या वाटेत आडवा आला. दोन गॅरेजवाल्यांनी हात वर केले. दिनानाथांनी केले नाहीत, कारण त्यांचा उजवा हात वर होतच नव्हता.

गेल्या मार्गशीर्षात त्यांना लकव्याचा झटका आला होता. तोंड बऱ्यापैकी सरळ झालं, पाय चालू लागला, हात मात्र रुसून बसला. चाळीस वर्षं रिक्षांचे, टेम्पोंचे आणि लग्नाच्या बसगाड्यांचे सायलेन्सर बनवलेला तो हात आता चहाची बशी धरली तरी ती वाजवायचा. गाडीखाली सरपटत जाणं तर सोडूनच द्या. पुण्याहून मुलगा हर्षवर्धन रोज फोनवर सांगायचा, "बाबा, बस झालं आता. शेड बंद करा." मुलगा काळजीनेच बोलत होता, म्हणून त्याच्यावर चिडताही येत नव्हतं. शेवटी दिनानाथांनी त्याला शब्द दिला, "हे एक काम करतो. नीट झालं तर शेड राहील. नाही झालं तर शटर मीच ओढीन, तुला यायला नको." काकूंनी हे स्वयंपाकघरातून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पँट चढवली.

काम घेताना दिनानाथांनी एक अट घातली होती. धूर गाळणारा डबा काढायचा नाही.

"काका, सगळे काढून टाकतात. साउंड एकदम भारी येतो."

"मग सगळ्यांकडे जा. नळी रुंद करू, डबाही मोठा बसवू. पण काढायचा नाही. आमच्या केळींना खोकला होतो."

संकेत हसला आणि तिथेच राहिला.

दिनानाथांची पद्धत साधी होती. जाड तार वाकवून गाडीखाली नळीची वाट काढायची, तारेवर नळीच्या जाडीच्या पुठ्ठ्याच्या चकत्या ओवायच्या आणि प्रत्येक अडचणीच्या जागी मध्ये बोट घालून पाहायचं. चालू इंजिन डुलतं, त्याच्याबरोबर नळीही डुलते. मध्ये एक बोट मोकळं असलं की ती कुठे लागत नाही. टेप किंवा पट्टी त्यांनी गाडीखाली कधी नेली नव्हती.

तार झाली, पण वळणापाशी घोडं अडलं. एवढी रुंद स्टीलची नळी एवढ्याशा जागेत वाकवली तर चेपते. तिचे तिरके काप काढून ते एकाला एक जोडावे लागतात. दिनानाथ डाव्या हाताने फरशीवर खडूच्या रेघा मारत बसले आणि पुसत बसले. काकूंनी थोडा वेळ ते पाहिलं.

"अहो, ही तर परकराची कळी."

"काय?"

"एका बाजूला अरुंद, एका बाजूला रुंद. कळ्या जोडत गेलं की घेर आपोआप वळतो. सरका बघू."

त्यांनी खाकी कागदाच्या सात कळ्या कापल्या, नळीला गुंडाळल्या, त्यांच्या कडेने खूण केली. दिनानाथ बघत राहिले. तीस वर्षं ही बाई दहा पावलांवर बसून परकर शिवत होती आणि आपण तिला कधी काही विचारलं नाही, हे त्यांना चांगलंच लागलं. तोंडाने मात्र ते म्हणाले, "खडू संपवलास माझा."

काप निघाले. त्यांना जागेवर धरून ठेवणारे टाके काकूंनीच मारले. आर्गॉन वेल्डिंगच्या यंत्रालाही शिलाई मशीनसारखं पायाने दाबायचं पेडल असतं, त्यामुळे त्यांना त्याची भीती वाटत नव्हती. हिवाळाभर भंगाराच्या तुकड्यांवर त्यांनी हात बसवला होता. पण टाक्यांपलीकडे त्यांना परवानगी नव्हती. "पूर्ण वेल्ड मी मारणार," असं दिनानाथांनी बजावून ठेवलं होतं. तो मारता आला नाही तर काम आपलं झालं असं त्यांना म्हणता आलं नसतं.

पुढच्या रविवारी टाक्यांवरची नळी गाडीला लावून पाहिली. इंजिन सुरू झालं. सगळं शांत. दिनानाथांनी काकूंकडे मुद्दाम पाहिलं नाही, म्हणजे ते खूश होते. मग संकेतने ॲक्सिलरेटर दाबला आणि खालून आवाज आला, ठण. पुन्हा दाबला, पुन्हा ठण.

"स्टेअरिंगच्या दांड्याला लागतेय," दिनानाथ म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला. त्यांची नळी आजवर कुठे लागली नव्हती.

"काका, थोडंसंच टच होतंय. चालेल मला."

"मला नाही चालणार. स्टेअरिंग आहे ते, खेळणं नाही. गाडी ठेव इथे. चूक माझी आहे. येत्या रविवारी पाच वाजता ये."

संकेत रिक्षा पकडून गेला. दिनानाथ स्टुलावर बसून राहिले. काकूंना म्हणाले, "हर्षूला फोन लाव."

काकूंनी फोन लावला नाही. त्या समोर येऊन बसल्या आणि त्यांचा हात ओढून आपलं बोट त्यांच्या बोटाशेजारी ठेवलं. त्यांचं बोट वेलची केळ्यासारखं जाडजूड. काकूंचं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त.

"तुम्ही विचारलंत, बोट जातंय का. मी म्हटलं, जातंय. कोणाचं, ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मलाही सुचलं नाही."

दिनानाथांनी दोन्ही बोटांकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. काकू घाबरल्या, पण ते हसत होते. झटक्यानंतर असे पहिल्यांदाच हसले, तोंड किंचित वाकडं करून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अगं, लोकांना जन्मभर बोट सांगत आलो," ते म्हणाले. "माप कधी सांगितलंच नाही."

काकूंनी गळ्यातली टेप काढली आणि ब्लाउजांच्या वहीत लिहिलं, 'दिनानाथ चुरी, बोट, सहा सूत.' स्वतःचं मोजलं, ते चार भरलं. इंचाला आठ सूत. म्हणजे पाव इंचाने सगळा घोटाळा केला होता.

त्या आठवड्यात दोन कळ्या सोडवून नव्या कापल्या. या वेळी काकू टेप घेऊन गाडीखाली गेल्या. नळी लावली, इंजिन सुरू केलं आणि दिनानाथांनी दहा वेळा ॲक्सिलरेटर दाबला. आवाज नाही. नळी उतरवून टेबलावर आली. उरला फक्त पूर्ण वेल्ड.

रविवारी तीन वाजता दिनानाथ वेल्डिंगचं हेल्मेट घालून बसले. आधी भंगाराच्या तुकड्यावर हात चालवून पाहायचा, हा त्यांचा नियम. उजवं कोपर टेबलाला टेकवलं, डाव्या हाताने मनगट घट्ट धरलं. मग जोडात वितळवायची तार धरायला हात उरला नाही. काकूंनी डोळे मिटून, मान फिरवून ती धरली. ठिणगी पाडणारी टंगस्टनची सुई स्टीलमध्ये बुडाली. सुई घासून पुन्हा टोक काढलं, दुसरा तुकडा घेतला. त्याला भोक पडलं. तिसऱ्याला भोक पडलं नाही, पण वेल्डची ओळ अशी उठली की काकू तिच्याकडे फार वेळ बघू शकल्या नाहीत.

"नळीवर जमेल," त्या म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना कधीच जमत नसे.

दिनानाथ नळीवरून अंगठा फिरवत राहिले, एका कळीवरून दुसऱ्या कळीवर. यांना आता रडू येणार असं काकूंना वाटलं, आणि त्यांचेच डोळे भरून आले. दिनानाथांनी हेल्मेट काढलं. आतला घाम शर्टाला पुसला. डाव्या हाताने मागचा पट्टा दोन घरं आत घेतला, बायकोच्या डोक्याच्या अंदाजाने, आणि हेल्मेट तिच्यापुढे धरलं.

"मी?" काकू म्हणाल्या. "आणि हर्षूला काय सांगायचं?"

"सांग, शेड चालू आहे."

हेल्मेट एकच होतं. त्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येत नाही, म्हणून दिनानाथ पाठ फिरवून पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे ठिणगी पेटली. समोरच्या पत्र्यावर निळा उजेड पडला आणि त्यात त्यांची सावली. आवाजावरून ते सांगत राहिले, "हळू." "सुई वर घे." "पाय कमी कर, पाय." पहिला जोड झाला. दुसऱ्याला म्हणाले, "आता चल पुढे." तिसऱ्याला नुसतं "हं" म्हणाले.

चौथ्या जोडापासून ते काही बोलले नाहीत. सांगण्यासारखं काही चुकत नव्हतं. उजवा हात डाव्या हाताने उचलून त्यांनी खिशात ठेवला आणि पत्र्यावरच्या उजेडाकडे बघत तसेच उभे राहिले.