वार्निशखालची पावलं

शारदाआत्यांना राज्याचा लोककला सन्मान जाहीर झाला, तेव्हा बडा गणपतीजवळच्या त्यांच्या गल्लीत पेढे वाटले ते शेजाऱ्यांनी. आत्या आपल्या अंगणात उकिडव्या बसून गेरूवर पांढऱ्या खडीमातीच्या रेघा ओढत राहिल्या. माळव्यातल्या बायका सणासुदीला जमिनीवर मांडणे काढतात, त्यातच त्यांचा जन्म गेला होता.

"जे पायाखाली जायचं, त्याला शाल घालतात म्हणे," त्या कस्तुरीला म्हणाल्या आणि खुदकन हसल्या.

कस्तुरी ही त्यांच्या भाच्याची, प्रणवची बायको. लग्न होऊन लातूरहून इथे आलेली. प्रणव दिवसभर पोलोग्राउंडच्या कारखान्यात. घरात या दोघी आणि कस्तुरीची लेक स्पृहा. स्पृहा नुकती उभी राहू लागली होती. भिंत सोडायची, एक पाऊल टाकायची, आणि आपल्याच धाडसाने दचकून मटकन बसायची.

एके दिवशी सन्मानाची व्यवस्था बघणारे दिवाकरजी मोठी फळी घेऊन आले.

"आत्याजी, यावर एक मांडणा पायजे. हॉलमध्ये लावू, वरून वार्निश मारू. एकदम पर्मनंट!"

आत्यांनी फळी शेणाने सारवली, गेरू दिला, चारी कोपरे भरले, मधोमध दिवा काढला. पण खालच्या काठापासून दिव्यापर्यंतची वाट कोरी सोडली.

"आणि पगल्या?" दिवाकरजी म्हणाले. "लक्ष्मीची पावलं? कमेटी तर त्यावरच फिदा होती ना!"

"नाही हो, भिया. पगल्या काढल्या की कोणीतरी येतं. दुसऱ्या दिवशी घरच्यांचे पाय त्यावरून फिरतात, पावलं मोडतात, आलेली आपल्या वाटेने जाते. तुमच्या भिंतीवर कोण चालणार?"

दिवाकरजी जाताना दारात कस्तुरीला म्हणाले, "वहिनी, तुम्हीच समजवा. कमेटीकडे गेलेल्या फोटोत पावलं आहेत, इथे नाहीत. नाव कटलं तर मला बोलू नका."

नाव कटेल. एवढ्याशा पावलांपायी. कस्तुरीला ते सोसेना. दुपारी आत्यांचा डोळा लागल्यावर तिने वाटीत खडी कालवली. मूठ वळवून पाऊल उठवायचं तिला माहीत होतं, पण सारवलेल्या फळीवर मूठ घसरत होती. शेवटी तिने स्पृहाचीच पावलं वाटीत बुडवली आणि काठाशी एकेक उमटवलं. बोटांसकट, टाचेसकट. गार लागलं म्हणून पोर खिदळली, पाय झाडू लागली. बाकीची वाट राहून गेली. लगेच दिवाकरजींचा माणूस येऊन वार्निश मारूनही गेला.

आत्यांनी फळीकडे बघितलंच नाही. "कोंडलेला मांडणा मला बघवत नाही," म्हणत त्यांनी त्यावर जुनं लुगडं टाकलं.

त्या दिवसापासून स्पृहाने जमिनीला पाय लावला नाही. उभी करायला जावं तर गुडघे पोटाशी घ्यायची. आणि तिचे तळवे गार. उन्हात धरले, तेल चोळलं, मोजे घातले, तरी ओल्या फरशीवरून आल्यासारखे गार.

"हाडं छान आहेत, जोर छान आहे," डॉक्टर म्हणाले. "लाड कमी करा."

प्रणव म्हणाला, "बघ, म्हणजे टेन्शनचं काही नाही, यार."

कस्तुरीने घरी येऊन लुगडं उचललं. काठाशी उमटवलेली पावलं तिथे नव्हती. ती निम्म्या वाटेवर होती, वार्निशच्या खाली, शांतपणे दिव्याकडे चाललेली. तिने नखाने खरवडलं. वरचा काचेसारखा थर तसाच राहिला. आत्यांना सांगितलं तर त्या पावलं मोडतील आणि सन्मान जाईल, हा विचार तिच्या मनात आधी आला. लेकीचा विचार त्यानंतर. या क्रमाचीच तिला जास्त भीती वाटली. तरी ती बोलली नाही.

समारंभाच्या संध्याकाळी फळी सभागृहाबाहेरच्या दालनात टांगलेली होती. आत माइक सुरू होता. आत्या कौतुकाने इतरांची कामं बघत आपल्या फळीपुढे आल्या आणि थांबल्या. पावलं दिव्यापासून एका बोटावर होती. आत्यांनी फळीकडे पाहिलं, मग कस्तुरीच्या कडेवरच्या पोरीचे पाय हातात घेतले.

"कोणाच्या पायाने काढलीस?"

"हिच्याच," कस्तुरी म्हणाली.

"ती फळी खाली घे."

"अहो, आत्याजी!" दिवाकरजी धावले. "शासनाची झाली ती आता!"

"फळी शासनाची. पोर आमची. धरा त्या बाजूने."

काय वाटलं कोण जाणे, पण दिवाकरजींनी धरली. आत माइकवरून पुकारा झाला, "श्रीमती शारदा..."

"आत्या, तुमचं नाव," कस्तुरी रडवेली झाली. "तुम्ही जा ना. मी मोडते."

"एकटीने नाही मोडायची ती." आत्यांनी चपला काढल्या, तिचा हात घट्ट धरला. दोघी फळीवर चढल्या. टाचा रगडत, पुढे, मागे. वार्निश पापडासारखं तडकलं, पांढरा भुगा उडाला. पुन्हा पुकारा झाला. आत्यांनी मान वळवली नाही. शेवटच्या पावलावर त्यांनी टाच फिरवली, तशी स्पृहा कळवळून रडली आणि कस्तुरीच्या अंगावरून सुळकन खाली घसरली. तिचे तळवे फरशीवर टेकले. उबदार, गुलाबी. ती उभी राहिली.

कस्तुरी तिला कवटाळून खाली बसली, तेवढ्यात आत टाळ्या सुरू झाल्या. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं.

"कोणाला देतायत?" दिवाकरजी पुटपुटले. "आत्याजी तर इथे आहेत."

दालनातून आत जाणाऱ्या लाल गालिच्यावर खडीची पावलं उमटली होती. लहान, ओली, मंचाच्या दिशेने.

"पाहुणी आहे," आत्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मान मिळाला की जाईल. पोरीला उचल. आणि कस्तुरी, ती परत याच दाराने येईल. पोरीचे पाय तिच्या वाटेत नकोत. आपण मागच्या दाराने निघू."