उलटी टकटक

"स्टेशनरी," सुनेने मूळ प्रतीतून वाचलं आणि पेन्सिलीने टेबलावर एकदा टक् केलं. समोर बसलेल्या सासऱ्यांनी छापील कागदावर लाल शाईने एक अक्षर बदललं.

सून थबकली. मूळ प्रतीत 'स्थिर' या अर्थाचा शब्द होता, छापलाही तोच होता. सासऱ्यांनी त्या जागी वह्या-पेनांच्या अर्थाचा करून टाकला होता.

वर्षानुवर्षं सासूबाई मोठ्याने वाचायच्या आणि सासरे मुद्रितं, म्हणजे छापून आलेली कच्ची पानं, तपासायचे. सासूबाई गेल्या, त्यांची खुर्ची सुनेकडे आली. सारखे ऐकू येणारे इंग्रजी शब्द आले की टकटक करायची. शब्दकोशात आधी येणाऱ्याला एकदा, नंतरच्याला दोनदा. आता आलेलं पुस्तक अशाच जोड्यांचं होतं. यात चूक झाली तर पुढचं काम विसरा, असं प्रकाशकाने बजावलं होतं.

"कॉम्प्लिमेंट." प्रशंसेचा, म्हणून टक् टक्. सासऱ्यांनी 'पूरक' अर्थाचा केला.

हे दोन्ही शब्द 'भरणे' या एकाच लॅटिन धातूतून आले, असं काल त्यांनीच रंगून सांगितलं होतं. शब्दाशेजारी अर्थ छापलेली पानं त्यांनी बिनचूक तपासली होती. आज मात्र शेवटची, नुसत्या शब्दांची सरमिसळ सूची होती आणि बघता बघता पानभर लाल शाई झाली. बाबांचं डोकं ठिकाणावर आहे ना? पण बिघडलेलं डोकं एकूणएक शब्द असा शिस्तीत उलटा करेल?

"बाबा, पहिल्याला एकदाच ना? तुम्हीच शिकवलंत."

"हो, नियम तोच."

"मग हे?"

सासऱ्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. मग त्यांचे कान लाल झाले.

"ती उलटं वाजवायची," ते म्हणाले. "अगदी पहिल्या दिवसापासून. नवी नवरी, तिला काय टोकायचं? म्हटलं, उद्या सांगू."

"आणि?"

"राहूनच गेलं. माझ्या कानांनाच सवय लागली." त्यांनी चष्मा उगाचच पुसला. "चूक माझी. आता कानांना नव्याने शिकवतो."

सुनेला भरून आलं. तिने मुद्रिताची दुसरी, कोरी प्रत त्यांच्यापुढे सरकवली आणि सूची पहिल्यापासून काढली.

"स्टेशनरी," तिने वाचलं आणि या वेळी सासूबाईंसारखी दोनदा टकटक केली.

सासऱ्यांनी मान वर केली नाही. शब्द बरोबर होता. त्यांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.