दोन डॉक्टरांची भिंगरी

भिंगरीच्या गोळ्या डबीच्या तळाला आल्या होत्या आणि वायरमनची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर होती. गोळी नसली की ती एक स्विच जोडता जोडता दुसरा उघडून बसायची. बाबांच्या जिवाला घोर लागला होता.

एडीएचडीच्या या गोळ्या सुरू केल्या त्या लांबच्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी. तिकडे खेटे घालायची ती आई. आई देवाघरी गेली आणि या खेपेला पहिल्यांदाच बाबा लेकीबरोबर गेले. बाई म्हणाल्या, "डोस आता नीट बसलाय. गोळ्या तुमचे घरचे डॉक्टर लिहून देतील, वजन-रक्तदाब बघतील. मी वर्षातून एकदा बघेन." तशी चिठ्ठीही दिली.

घरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून चष्मा काढला.

"भाऊ, हिचा गोवर मी बरा केला, मोडलेलं मनगट मी बांधलं. पण हे औषध माझं नव्हे. उद्या कमीजास्त झालं तर?"

"बाई म्हणतात तुम्ही द्या, तुम्ही म्हणता बाईंकडे जा. दोन घरचा पाहुणा उपाशी! मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. मोटार दुसऱ्याची, सुई माझी, असं म्हणत बसलो तर गिऱ्हाइकाने शर्ट हाताने शिवायचा का?"

"मशीनला रक्तदाब नसतो, भाऊ."

"मग बाईंशी बोला तरी!"

कोणी हो म्हणायच्या आत भिंगरीने चिठ्ठीवरचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवलासुद्धा. डॉक्टरांनी घसा साफ करून आपली अडचण सांगितली.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "हिची आई दर वेळी आकडे तोंडपाठ सांगायची. म्हणायची, 'मॅडम, बस पकडायला धावतो आम्ही, तुमच्याकडे हिची नाडी पळते. आदल्या दिवशी मोजलेली ही खरी.' तेही बघून मी डोस बसवला. मोजायचं कोण?"

डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं. बाबांना कुठे ठाऊक!

"हेच की!" भिंगरी म्हणाली. "भाजी आणता आणता आम्ही इथे टेकायचो."

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "वहिनी म्हणायच्या, सहज आलोय, हिचं वजन करा, दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळा, नाडीही बघा जरा. मला वाटायचं, आईचा जीव. म्हणजे वहिनींनी मला न सांगता कामाला लावलं होतं."

बाबांना हसू आलं.

"मग आता सांगून लागा," बाई म्हणाल्या. "डोस माझा, मोजणं आणि लिहून देणं तुमचं. नाडी वाढली, वजन उतरलं, तर थेट मला फोन."

"उचलाल ना?"

"जेवत असले तरी."

डॉक्टरांनी भिंगरीला वजनकाट्यावर उभं केलं. पट्टा गुंडाळला, नाडी धरली. सगळं ठीक होतं. मग त्यांनी पेन काढून गोळ्या लिहून दिल्या. कागद घेताना बाबांची सैल झालेली पँट त्यांच्या नजरेतून सुटली नाही.

"भाऊ, वहिनी गेल्यापासून जेवता की नाही? चढा काट्यावर."

"मला काय धाड भरलीय?"

"चढा म्हणतो ना!"

बाबा कुरकुरत चढले.

"बाबा," भिंगरीने कमरेवर हात ठेवले, अगदी आईसारखे. "चपला काढा आधी."