राणीसरकारांचा धोबी

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेची दुसरी फिल्म दिव्यावर अडकवली आणि म्हाताऱ्याने डोळे गच्च मिटून घेतले.

पहिली फिल्म त्याची होती. फुप्फुसाच्या आवरणावर डाग आहेत, कॅन्सर नाही, पण दरवर्षी तपासायला यायचं. ते त्याने निमूट ऐकून घेतलं. ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापण्यात सव्वीस वर्षं गेलेली. कामावरच्या जोडीदारांपैकी दोघं तर केव्हाच गेले. आपलं काय व्हायचं ते होईल. पण ही फिल्म बायकोची होती. "तो धुरळा कामगाराबरोबर घरीही जातो, काकूंना घेऊन या," असं बाई म्हणाल्यापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"काकू, आत्ता तरी तुमची छाती अगदी स्वच्छ आहे."

म्हाताऱ्याने एक डोळा उघडला. "नीट बघितलंत ना?"

"दोनदा. काका, कामाचे कपडे घरी कोण धुवायचं?"

तो खाली बघायला लागला. बायकोच ठसक्यात म्हणाली,

"मी नाही बाई! लग्नानंतर एकदाच धुतले. हातांना मरणाची खाज सुटली. बादली आपटली अन् सांगितलं, ही घाण घरात आणायची नाही. तिकडेच धुवा, तिकडेच अंघोळ करा, मग या."

"आणि काकांनी ऐकलं?"

"ऐकतायत कसले! महिनाभर अबोला धरला, तेव्हा कुठे."

सुटीचा भोंगा झाला की बाकीचे घरी पळायचे आणि हा कारखान्याच्या नळावर कपडे चोळत बसायचा. जाता-जाता कुणीतरी टोला हाणायचाच, "काय राणीसरकारांचे धोबी, साबण पुरतोय ना?" ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. घरात भांडण कशाचंही असो, शेवटी गाडी तिथेच यायची: नवऱ्याचे कपडे धुवायला हिचे हात झिजतात! पोरांनासुद्धा ते वाक्य तोंडपाठ झालं होतं.

दवाखान्यातून परतताना त्याने रस्ता ओलांडायला तिचा हात धरला, तो पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.

घरी त्याने शर्ट काढला. तिने तो उचलून बादलीत टाकला, निवृत्तीपासून टाकत होती तसाच. म्हाताऱ्याने पाट ओढला, नसलेल्या बाह्या उगाचच वर सारल्या आणि बादली आपल्याकडे घेतली.

"अहो, साधा शर्ट आहे तो. आता कुठला धुरळा?"

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "साबण कुठे ठेवलाय तेवढं सांगा, राणीसरकार."