मिटायला उशीर झाला

मी एका निळ्या रानफुलाची जुनी, वाळलेली डहाळी आहे. चित्रवहीच्या पानावर चिकटपट्टीखाली राहते. मित्रांनो, शेजारीच माझं चित्र आहे. बघणारे म्हणतात, "किती सुंदर!" मला मात्र मान खाली घालावीशी वाटते, आणि चिकटपट्टीमुळे तेवढंही जमत नाही.

माझा जन्म कुंभारीण मावशींच्या अंगणात, मातीच्या ढिगाशेजारी झाला. उंची जेमतेम वीतभर. आमच्या घराण्याची एक खोड आहे. आभाळ भरून आलं, हवा दमट झाली की आम्ही पाकळ्या मिटतो. मावशींनी ही खोड बरोबर हेरली होती. रोज सकाळी वाकून विचारायच्या, "काय गं निळे, काढू का मडकी बाहेर?" मी उघडी असले की कच्ची मडकी उन्हात. मी मिटू लागले की धावपळ करून सगळी आत. शेजारणीला त्या सांगायच्या, "आमची निळी कधी फसवत नाही." ते ऐकून मी चढून गेले होते.

एकदा त्यांची भाची आली. ती चित्रकला शिकत होती. महिनाभर खपून घडवलेली साठ मडकी त्या दिवशी अंगणात होती, उद्या भट्टी लागणार होती. मावशी दमल्या होत्या. "निळी उघडी आहे, जरा पाठ टेकते," म्हणत आत गेल्या.

भाची चित्रवही उघडून माझ्यासमोर बसली. "अशीच राहा हं, दोनच पाकळ्या राहिल्यात."

इतक्यात हवा बदलली. मला कळलं, मित्रांनो, अगदी स्पष्ट कळलं. पण माझं चित्र आजवर कुणी काढलं नव्हतं. जरा वेळाने मिटू, असं म्हणत मी ताणून उघडी राहिले.

टपोरे थेंब पडू लागले. भाचीने मला खुडून वहीत ठेवलं आणि "मावशी, पाऊस!" असं ओरडत ती आत पळाली. दोघींनी मिळून सात मडकी वाचवली. बाकीच्यांचा चिखल झाला.

"तुझ्या त्या निळीने फसवलं," भाची म्हणाली.

"छे गं! माझंच बघण्यात काही चुकलं असेल," मावशी म्हणाल्या. मिटलेल्या वहीत मला ते ऐकू आलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मित्रांनो, तुमच्या भरवशावर कुणी पाठ टेकली असेल, तर त्या वेळी कौतुकात रमू नका.

आजही हवा दमट झाली की मी पाकळ्या मिटायला बघते. चिकटपट्टीखाली त्या उघड्याच राहतात.