सातव्या पानावरची नाडी

मी एक कागद. दोन पदव्या आणि एक डॉक्टरेट मिळवलेल्या आजोबांनी म्हातारपणी लिहिलेल्या बालकथेचं सातवं पान.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. ऐन भाषणात राजाच्या विजारीची नाडी तुटते, विजार घसरते, आणि राजाला ओशाळं वाटू नये म्हणून सारे मंत्री पटापट आपापल्या नाड्या सोडतात, एवढाच माझ्यावरचा मजकूर. तो ऐकून आठ वर्षांची नात हसता हसता खुर्चीवरून खाली आली. आजोबांनी आधी तिला लागलं का ते पाहिलं, मग स्वतः हसले. जन्मभर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिले. ते वाचून कुणी खुर्चीवरून पडलं असेल तर झोप लागूनच.

मग मी बालसाहित्य समितीपुढे गेलो. समितीत तिघे, तिघांचेही दुधाचे दात पडून पन्नास वर्षं झालेली. निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, विजार सुटली की आदर सुटतो. बालमानसतज्ज्ञ बाईंना त्यात असुरक्षितता दिसली. संपादक म्हणाले, सुटू दे, पण काही बोध निघावा. हसलं कुणीच नाही. विनोदी पुस्तकाची बैठक होती ना.

आजोबांनी तिथेच ठाम राहायला हवं होतं. पण विद्वान माणूस, स्वतःवर शंका घेण्याचं रीतसर शिक्षण झालेलं. "माझंच चुकलं असेल," म्हणत त्यांनी नव्या कागदावर नाडी गाळली. विजारीचा फेटा झाला, फेट्याचा रुमाल. आता राजाचा रुमाल पडतो आणि प्रधान तो धुऊन आणून देतो. बोध : स्वच्छता.

घरी आजी म्हणाली, "अहो, एवढं शिकलात आणि नाडीला घाबरलात?"

नातीने नवा मजकूर दोनदा वाचला. "आजोबा, यात हसायचं कुठे?"

पुस्तक रुमालासकट छापून आलं. मला, नाडीवाल्या जुन्या पानाला, मात्र त्यांनी टाकलं नाही. घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं.

आज शाळेत आजोबा ते पुस्तक वाचून दाखवताहेत. चाळीस मुलं हाताची घडी घालून बसली आहेत, कुणी खोकतही नाही. "बघा, कशी तल्लीन झालीत," पहिल्या रांगेतले निवृत्त मुख्याध्यापक शेजारच्या बालमानसतज्ज्ञ बाईंना सांगतात. तिसऱ्या रांगेत नात एकटीच हसते आहे, आजोबांना वाईट वाटू नये म्हणून. ते ओढूनताणून आणलेलं हसू आजोबांनी पाहिलंय.

वाचन थांबलं आहे. त्यांचा हात खिशात आलाय. बोटं मला धरतात, सोडतात, पुन्हा धरतात.

आजोबा, कसला विचार करताय? उद्या हीच मुलं समितीवर बसतील. त्याआधी काढा मला बाहेर.